प्रोस्टेट बायोप्सीचा रिपोर्ट: कागद वाचण्यापासून उपचार ठरवण्यापर्यंत

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) बायोप्सीचा, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा, रिपोर्ट हल्ली पेशंटच्या आधी मुलाच्या नाहीतर सुनेच्या व्हॉट्सअॅपवर येतो. त्यात ‘अॅडिनोकार्सिनोमा’ हा शब्द दिसला की पुढचं कोणी वाचत नाही. रात्रीच फोनाफोनी सुरू होते, कुणी पुण्याचा डॉक्टर सुचवतं, कुणी मुंबईचा, आणि दोन दिवसांत ऑपरेशनची तारीखही ठरून जाते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, आणि मला अगदी मनापासून वाटतं की त्या शब्दाच्या खाली काय लिहिलंय ते समजून घेतल्याशिवाय कुणीही काही ठरवू नये. कॅन्सर आहे एवढंच पहिली ओळ सांगते. तो कसा आहे, किती आहे, त्याच्यावर लगेच उपचार हवेत की नुसती नजर ठेवली तरी चालेल, हे खालच्या ओळींतून कळतं.

प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक पुरुषांमध्ये सावकाश वाढतो. विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांना भेटायला चार-सहा आठवडे घेतले म्हणून सहसा काही बिघडत नाही. हा वेळ कसा वापरायचा, तेच क्रमाने सांगतो.

पहिलं काम: आत्ताच दवाखान्यात जायची गरज आहे का?

बायोप्सीनंतर काही दिवस लघवीतून आणि शौचातून थोडं रक्त जाणं अपेक्षित असतं. वीर्यात तर काही आठवडे लालसर किंवा तपकिरी रंग दिसू शकतो. त्याला घाबरू नका. पण थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण तुंबली, किंवा रक्ताच्या गाठी पडायला लागल्या, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. बायोप्सीनंतरचा जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर तो जिवावर बेततो. क्रोसिन देऊन ताप उतरवायचा प्रयत्न घरी करत बसू नका.

घाई करावी अशी आणखी एक परिस्थिती आहे. कंबर किंवा पाठ सतत, रात्रीही दुखते आहे आणि त्याबरोबर पायांत बळ नाही, पाय बधिर झालेत, लघवी-संडासवरचा ताबा जातोय, असं असेल तर कॅन्सर मणक्यात उतरून मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता असते. तिथे काही तासांचा उशीरही पाय कायमचे जायला पुरेसा ठरतो.

यातलं काही नसेल, तर आता शांतपणे बसा.

फाइल तयार करा

डॉक्टरांना भेटण्याआधी हे सगळं एका ठिकाणी हवं: आजवरचे पीएसएचे (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाच्या चाचणीचे) सगळे रिपोर्ट तारखेनुसार, सोनोग्राफी (प्रोस्टेटचा आकार त्यात असतो), एमआरआय झाला असेल तर त्याचा रिपोर्ट आणि सीडी दोन्ही, बायोप्सीचा रिपोर्ट, आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव. काढे, चूर्णं, कुणी दिलेल्या पुड्या यांचीही नावं लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

औषधांची यादी मागायला एक खास कारण आहे. लघवीची धार सुधारावी म्हणून अनेक ज्येष्ठ मंडळी वर्षानुवर्षं ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड घेत असतात, बहुतेकदा टॅम्सुलोसिनबरोबर एकाच गोळीत. ही औषधं सहा महिने ते वर्षभर घेतली की पीएसए जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे कागदावर ५ दिसत असेल तर खरा आकडा १० च्या आसपास धरायला हवा. पुढे कमी जोखीम की मध्यम, हे ठरवताना नेमका १० हा आकडाच उंबरठा आहे, त्यामुळे ही एक गोळी सांगायची राहिली तर सगळा हिशेब चुकतो.

रिपोर्ट तीन प्रकारचा असू शकतो

पहिला प्रकार, कॅन्सर नाही. ‘बिनाइन हायपरप्लेजिया’ म्हणजे वयानुसार झालेली वाढ, ‘क्रॉनिक प्रोस्टेटायटिस’ म्हणजे जुनी सूज. ‘ग्रॅन्युलोमॅटस’ असा शब्द असेल तर आपल्याकडे क्षयरोगाचा विचार करावा लागतो. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी दिलेलं असेल तर तेही कारण असू शकतं, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. सुजेनेही पीएसए वाढतो. मात्र एमआरआयमध्ये पायरॅड्स (कॅन्सरचा संशय किती, हे सांगणारा १ ते ५ चा आकडा) ४ किंवा ५ चा भाग दिसला होता आणि बायोप्सीत काहीच सापडलं नाही, तर सुई त्या जागी पोचली होती का, हे विचारलंच पाहिजे.

दुसरा प्रकार मधला. ‘हाय ग्रेड पिन’ (ग्रंथींच्या पेशींतला कॅन्सरआधीचा बदल) हा कॅन्सर नव्हे, आणि तो एकाच तुकड्यात असेल तर लगेच पुन्हा बायोप्सीची गरज सहसा नसते. ‘एसॅप’ लिहिलं असेल तर ते जरा गंभीर घ्या. त्याचा अर्थ, मला काही ग्रंथी संशयास्पद दिसल्या, पण कॅन्सर म्हणण्याइतका पुरावा त्या इवल्याशा जागेत नव्हता. अशा वेळी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी हा रस्ता आहे.

तिसरा प्रकार कॅन्सरचा. पुढचं सगळं त्याबद्दल. (काहींचा कॅन्सर लघवीच्या अडथळ्यासाठी केलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, काढलेल्या कणांच्या तपासणीत अचानक सापडतो. त्यांनाही ग्रेडचं पुढचं वर्णन लागू आहे, फक्त तिथे एकूण कणांपैकी ५ टक्क्यांपेक्षा कमी की जास्त, हेही बघतात.)

ग्लीसन स्कोअर: सगळ्यात नीट वाचायची ओळ

सूक्ष्मदर्शकाखाली मी काय बघतो ते सांगतो, म्हणजे आकड्यांचा अर्थ लागेल. निरोगी प्रोस्टेटच्या ग्रंथी मोठ्या, नागमोडी कडांच्या असतात आणि प्रत्येकीला पेशींचे दोन थर असतात. कॅन्सरच्या ग्रंथींमध्ये बाहेरचा थर नाहीसा होतो. शंका असेल तर पी-६३ सारखी खास रंगाची तपासणी करून तो थर आहे की नाही ते बघतात. रिपोर्टमध्ये ‘आयएचसी’ लिहिलेलं असतं ते हेच.

ग्रंथींची रचना जितकी जास्त बिघडलेली, तितका ‘पॅटर्न’चा आकडा मोठा. पॅटर्न ३ मध्ये कॅन्सरच्या ग्रंथी छोट्या असतात, पण प्रत्येक सुटी, गोलसर, स्वतःची पोकळी राखून असते. पॅटर्न ४ मध्ये त्या एकमेकींत मिसळतात, अर्धवट बनतात, किंवा एका मोठ्या पुंजक्यात चाळणीसारखी भोकं पडलेली दिसतात. पॅटर्न ५ मध्ये ग्रंथी अशी उरतच नाही, सुट्या पेशी नाहीतर पेशींचे पट्टे पसरलेले असतात. अमेरिकेत मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. पेशीचा चेहरा न बघता ग्रंथींची रचना बघायची, ही त्यांची कल्पना इतकी पक्की निघाली की आजही तीच वापरतो.

बायोप्सीत दोन आकडे लिहितात. पहिला, सगळ्यात जास्त दिसलेला पॅटर्न. दुसरा, उरलेल्यांतला सगळ्यात वाईट. ३ आणि ४ दोन्ही आहेत आणि ३ जास्त आहे, तर ३+४=७. चार जास्त असेल तर ४+३=७. बेरीज एकच, आजार एक नव्हे. ४+३ जास्त आक्रमक.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे अनेक घरांनी विनाकारण रात्री जागून काढल्या आहेत. बायोप्सीत कॅन्सर असेल तर आजकाल ३+३=६ च्या खालचा स्कोअर देतच नाहीत. त्यामुळे ‘दहापैकी सहा, म्हणजे अर्ध्याच्या पुढे गेलाय’ असं लोकांना वाटतं. खरं तर ६ ही सगळ्यात खालची, सगळ्यात सौम्य पायरी आहे. हा गोंधळ टाळायलाच ग्रेड ग्रुप आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ते स्वीकारले:

ग्रेड ग्रुप १ म्हणजे ३+३
ग्रेड ग्रुप २ म्हणजे ३+४
ग्रेड ग्रुप ३ म्हणजे ४+३
ग्रेड ग्रुप ४ म्हणजे बेरीज ८
ग्रेड ग्रुप ५ म्हणजे बेरीज ९ किंवा १०

रिपोर्टमध्ये ग्रेड ग्रुप लिहिला नसेल तर लॅबला फोन करून लिहून मागा. हक्काने मागा.

बाकीच्या ओळी, एका नमुन्यावरून

समजा ६६ वर्षांच्या गृहस्थांचा रिपोर्ट असा आहे: पीएसए ८.४, प्रोस्टेटचा आकार ४२ मिली. एकूण १४ तुकडे घेतले, १२ नेहमीच्या जागांवरून आणि २ एमआरआयमध्ये दिसलेल्या भागातून. चार तुकड्यांत कॅन्सर. ग्लीसन ३+४=७, ग्रेड ग्रुप २, पॅटर्न ४ चं प्रमाण १० टक्के. सगळ्यात लांब कॅन्सर ६ मिलिमीटर, म्हणजे त्या तुकड्याचा ४५ टक्के भाग. पेरिन्युरल इन्व्हेजन आहे. क्रिब्रिफॉर्म आणि इंट्राडक्टल नाही.

हे असं वाचा. पीएसएला आकाराने भागा: ८.४ भागिले ४२ म्हणजे ०.२०. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात. ०.१५ च्या खाली असेल तर दिलासा, वर असेल तर थोडं सावध. चौदापैकी चार, म्हणजे निम्म्याहून कमी तुकड्यांत आजार, ही चांगली गोष्ट. पॅटर्न ४ फक्त १० टक्के, हीसुद्धा फार महत्त्वाची ओळ. ग्रेड ग्रुप २ मध्येच पॅटर्न ४ चाळीस टक्के असता तर सल्ला वेगळा झाला असता. हा टक्का अनेक रिपोर्टमध्ये लिहिलेलाच नसतो. विचारा.

पेरिन्युरल इन्व्हेजन, म्हणजे मज्जातंतूच्या कडेने कॅन्सर दिसणं, वाचून लोक हादरतात. प्रोस्टेटमध्ये मज्जातंतू भरपूर असतात आणि हे वारंवार दिसतं. त्याचा अर्थ कॅन्सर मेंदूकडे किंवा मणक्याकडे निघाला असा अजिबात होत नाही. सर्जनने नोंद घ्यावी अशी ती माहिती आहे, एवढंच. याउलट ‘क्रिब्रिफॉर्म’ (ती चाळणीसारखी रचना) किंवा ‘इंट्राडक्टल कार्सिनोमा’ (प्रोस्टेटच्या नलिकांच्या आत वाढणारा कॅन्सर) असं असेल तर मात्र आजार जास्त आक्रमक वागतो आणि नुसती नजर ठेवण्याचा पर्याय बहुधा बाद होतो. ‘एक्स्ट्राप्रोस्टेटिक एक्स्टेन्शन’ म्हणजे कॅन्सर ग्रंथीबाहेरच्या चरबीत दिसला. ‘स्मॉल सेल’ किंवा ‘न्यूरोएंडोक्राइन’ असेल तर तो वेगळाच आजार समजा. तो वेगाने पसरतो आणि पीएसए फारसा वाढवत नाही, त्यामुळे तिथे चार-सहा आठवड्यांची सवलत लागू नाही.

काचा दुसऱ्या डोळ्यांखाली घाला

ग्रेड देणं हा शेवटी डोळ्यांनी केलेला निवाडा असतो. ३ आणि ४ च्या सीमेवर अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नाही, आणि उपचाराचा फाटा नेमका त्याच सीमेवर फुटतो. म्हणून ग्रेड ग्रुप १ आणि २ च्या मध्ये अडकलेल्या, तसंच एसॅप असलेल्या प्रत्येक पेशंटला मी सांगतो की स्लाइड, म्हणजे तुकड्यांचे काप लावलेल्या काचा, युरोपॅथॉलॉजीचा (मूत्रमार्ग आणि प्रोस्टेटच्या तपासणीचा) अनुभव असलेल्या माणसाला दाखवा. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल बाहेरच्या स्लाइड तपासून मत देतं. इतर मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांतही ही सोय असते.

लॅबकडे लेखी अर्ज करून दोन गोष्टी मागा, रंगवलेल्या काचपट्ट्या आणि बायोप्सीचे तुकडे ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक. ब्लॉक जास्त मोलाचे, कारण त्यातून नवीन काप काढता येतात, आयएचसी करता येते, पुढे गरज पडली तर जनुकीय चाचणीही. प्रत्येक ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टमधल्या नंबराशी जुळवून घ्या आणि पोच घ्या. काचा प्लास्टिकच्या स्लाइड-डबीत हव्यात, कागदात गुंडाळून नको. ब्लॉक मेणाचे आहेत हे विसरू नका. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले तर मऊ होऊन खराब होतात, आणि पुन्हा बायोप्सी करण्यावाचून इलाज उरत नाही. काम झालं की ते परत आणून जपून ठेवा.

जोखीम ठरवणं

ग्रेड ग्रुप, पीएसए, आणि गुदद्वारातून बोटाने तपासून किंवा एमआरआयने कळलेला आजाराचा विस्तार, अशा तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की पेशंट कोणत्या गटात बसतो ते कळतं. ग्रेड ग्रुप १, पीएसए १० च्या खाली आणि गाठ हाताला लागत नाही किंवा अगदी लहान, असं तिन्ही असेल तर कमी जोखीम. ग्रेड ग्रुप २-३ किंवा पीएसए १० ते २० असेल तर मध्यम. ग्रेड ग्रुप ४-५, पीएसए २० च्या वर, किंवा ग्रंथीच्या बाहेर गेलेला आजार, यांपैकी एकही असेल तर जास्त. मध्यम गटाचे पुन्हा दोन भाग पडतात, बरा आणि बिकट. वरच्या नमुन्यातले गृहस्थ मध्यम गटाच्या बऱ्या भागात येतात.

डॉक्टरांना सरळ विचारा, “आमचा रिस्क ग्रुप कोणता?” याचं उत्तर मिळाल्याशिवाय उपचारांच्या चर्चेत शिरू नका.

कोणता स्कॅन कुणाला

कमी जोखमीच्या माणसाला बोन स्कॅन किंवा पेट स्कॅनची गरज नसते. ‘एकदा बघून टाकू’ म्हणून केलेल्या स्कॅनमध्ये जुन्या मार लागलेल्या हाडाचा डाग निघतो आणि नवीनच धावपळ सुरू होते. बिकट मध्यम आणि जास्त जोखीम असेल तर स्कॅन हवाच: बोन स्कॅनबरोबर सीटी, किंवा पीएसएमए पेट-सीटी (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी उजळून दाखवणारा स्कॅन). ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या अभ्यासात जास्त जोखमीच्या पेशंटांमध्ये पीएसएमए पेटची अचूकता ९२ टक्के, तर जुन्या जोडीची ६५ टक्के आढळली. म्हणून परवडत असेल आणि शहरात सोय असेल तर पीएसएमए चांगला. फक्त एक लक्षात ठेवा. त्यात एखाद्याच बरगडीवर फिकट ठिपका दिसला तर तो अनेकदा कॅन्सर नसतो. त्या ठिपक्यापायी ‘चौथी स्टेज’ मान्य करण्याआधी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवा.

एमआरआय बायोप्सीच्या आधी झाला नसेल तर आता सहा ते आठ आठवडे थांबून करतात, कारण सुईने झालेल्या रक्तस्रावामुळे चित्र गढूळ येतं. पीएसएही एवढ्यात पुन्हा करू नका, तो उगीचच वाढलेला येतो.

नजर ठेवणं हा खरोखरीचा पर्याय आहे

आपल्याकडे हे पटायला सगळ्यात अवघड जातं. अंगात कॅन्सर आहे हे माहीत असून काढायचा नाही? नातेवाइकांना तो निष्काळजीपणा वाटतो. पण ग्रेड ग्रुप १ आणि कमी जोखमीच्या आजारात जगभरचे तज्ज्ञ आज आधी हाच पर्याय सुचवतात. बऱ्या मध्यम गटातही निवडक पेशंटांना तो देता येतो.

ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात १,६४३ पुरुषांना चिठ्ठी टाकावी तसं तीन गटांत वाटलं: नजर ठेवणं, ऑपरेशन, किरणोपचार. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले पुरुष नजर ठेवलेल्या गटात ३.१ टक्के, ऑपरेशनच्या गटात २.२ आणि किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के. फरक नगण्य. मात्र आजार दूर पसरण्याचं प्रमाण पहिल्या गटात ९.४ टक्के होतं, बाकी दोन्हींत ५ च्या आसपास. आणि पहिल्या गटातल्या सुमारे ६० टक्के लोकांनी पुढे कधी ना कधी उपचार घेतलेच. हे आकडे वाचताना दोन गोष्टींचं भान ठेवा. त्या काळी नजर ठेवणं म्हणजे मुख्यतः पीएसए, आज हाताशी एमआरआयही आहे. आणि ते पुरुष त्रास नसताना पीएसए तपासून सापडलेले होते. आपल्याकडे बरेच जण लघवीचा त्रास किंवा हाडदुखी सुरू झाल्यावर येतात, त्यांना हे आकडे लावता येणार नाहीत.

नजर ठेवायची तर शिस्तीत. साधारण दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा डॉक्टरांनी बोटाने तपासणं, वर्षभरात पुन्हा एमआरआय आणि बायोप्सी, पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. ग्रेड वाढला तर उपचार सुरू. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, एकदा घरी गेल्यावर तीन वर्षं तोंड न दाखवणाऱ्या माणसासाठी हा मार्ग धोक्याचा आहे. तुमचे वडील त्यातले असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

पंच्याऐंशीच्या घरातल्या, हृदयविकार, मधुमेह असलेल्या माणसाबाबत हिशेब निराळा. तिथे पुन्हा पुन्हा बायोप्सी करत नाहीत. त्रास झाला तरच औषध, तोपर्यंत त्यांना सुखाने जगू देणं हाच योग्य उपचार असतो. सौम्य आजारासाठी अशा माणसाला ऑपरेशन टेबलावर नेणं मला पटत नाही.

ऑपरेशन की किरणोपचार

ग्रंथीपुरत्या आजारात दोन्हींनी कॅन्सर बरा होतो. निवड होते ती दुष्परिणामांवरून. सर्जन ऑपरेशन सुचवणार, रेडिएशनवाले किरणोपचार सुचवणार, त्यात कुणाचं काही चुकत नाही. म्हणून ठरवण्याआधी दोघांनाही भेटा. हा या लेखातला सगळ्यात कळकळीचा सल्ला समजा.

ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट आणि वीर्यकोश पूर्ण काढतात, गरज असेल तर आसपासच्या लसिकाग्रंथीही. साधारण एक-दोन आठवडे कॅथेटर (लघवीची नळी) राहतो. तो काढल्यावर खोकताना, उठताना लघवी गळते. बहुतेकांची ती काही महिन्यांत, वर्षभरात आटोक्यात येते, थोड्यांची कायम राहते. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून शिकून घ्या. लिंगाची ताठरता किती परत येईल हे वयावर, मधुमेहावर, आणि बाजूच्या नसा वाचवता आल्या का यावर अवलंबून असतं. वीर्यपतन मात्र कायमचं थांबतं.

रोबो हवाच का? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला उघडं ऑपरेशन आणि रोबोटिक यांची तुलना केली, तेव्हा दोन वर्षांनंतर लघवीचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच निघाली. रोबोटिकमध्ये रक्तस्राव कमी आणि घरी लवकर जाता येतं, हे खरं. पण यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या हातांना जास्त महत्त्व द्या. सर्जनला विचारा, गेल्या वर्षभरात तुम्ही ही किती ऑपरेशनं केलीत, आणि त्यातल्या किती जणांना वर्षानंतरही पॅड लागतात? चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

किरणोपचारात भूल नाही, कॅथेटर नाही. सुरुवातीला लघवी वारंवार होते, जळजळते, शौचाला घाई होते. काहींना पुढे शौचातून रक्त जातं. ताठरता लगेच जात नाही, हळूहळू काही वर्षांत कमी होते. आधीच धार फार अडकत असेल आणि प्रोस्टेट मोठं असेल तर हा त्रास वाढू शकतो, अशांना ऑपरेशन सोयीचं. पूर्वी सात-आठ आठवडे रोज जावं लागायचं. ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासानंतर २० बैठकांचा, म्हणजे चार आठवड्यांचा कोर्स रूढ झाला. निवडक पेशंटांना आता फक्त पाच बैठकांतही देता येतो. गडचिरोली किंवा नंदुरबारहून येणाऱ्या कुटुंबाला शहरात खोली घेऊन राहायचं असतं, त्यांच्यासाठी वीस आणि पाच यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. “आम्हाला पाच बैठकांचा कोर्स चालेल का?” हे विचाराच.

जास्त जोखमीच्या आजारात किरणोपचाराबरोबर हार्मोनचं इंजेक्शन साधारण दीड ते तीन वर्षं देतात. ऑपरेशन केलं तरी नंतर किरणोपचार लागण्याची तयारी ठेवावी लागते. या गटासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २२४ पुरुषांपैकी ज्यांना ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही किरण दिले, त्यांच्यात पाच वर्षांनी पीएसए आटोक्यात राहिलेले ९५ टक्के होते. फक्त प्रोस्टेटला दिलेल्यांत ८१ टक्के. एकूण आयुष्यमानात तोपर्यंत फरक दिसला नव्हता. आपल्याच माणसांवरचा हा पुरावा आहे, त्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

हाडात पोचला असेल तर

हाडात पोचलेला कॅन्सर पूर्ण बरा होत नसला तरी वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो. त्यासाठी पुरुषी हार्मोन बंद करावं लागतं: दर महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन, नाहीतर अंडकोशातल्या गोळ्या काढण्याचं छोटं ऑपरेशन. ऑपरेशन एकदाच होतं, स्वस्त असतं, आणि इंजेक्शनची तारीख चुकण्याचा प्रश्न राहत नाही. अनेकांना ते मनाने झेपत नाही, आणि ती भावना मानायलाच हवी. मुलांनी खर्चाकडे बघून परस्पर ठरवू नये.

तब्येत बरी असलेल्या माणसाला नुसत्या इंजेक्शनवर ठेवणं आता पुरेसं मानत नाहीत. सोबत अॅबिराटेरोन, एन्झालुटामाइड यांसारखं हार्मोन रोखणारं औषध किंवा डोसेटॅक्सेल ही केमोथेरपी दिली तर आयुष्य वाढतं, हे मोठ्या अभ्यासांतून दिसलंय. अॅबिराटेरोनची जेनेरिक औषधं भारतात मिळतात, ब्रँडच्या मागे लागू नका. ते ठरलेल्या पद्धतीने उपाशीपोटी आणि स्टेरॉइडच्या गोळीसोबतच घ्यायचं, रक्तदाब आणि पोटॅशियम तपासत राहायचं. हार्मोन बंद झालं की अंगातून गरम वाफा येतात, स्नायू झडतात, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. रोज चालणं, थोडं वजन उचलणं, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे उपचाराचाच भाग आहेत. हाडं बळकट करणारं इंजेक्शन सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या, काढायचे दात आधी काढा.

घरात स्तनाच्या, बीजकोशाच्या किंवा कमी वयातल्या प्रोस्टेट कॅन्सरचा इतिहास असेल, किंवा आजार पसरलेला असेल, तर बीआरसीए या, आनुवंशिक कॅन्सरशी संबंधित, जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. त्याचा उपयोग वडिलांच्या औषधासाठी होतोच, शिवाय मुलींना आणि बहिणींना स्वतःची तपासणी वेळेत करून घेता येते.

घरातलं बोलणं

‘त्यांना सांगू नका’ असं मला अनेक मुलं विनवतात. प्रेमापोटीच म्हणतात. पण ज्या उपचाराने माणसाचा लघवीवरचा ताबा आणि लैंगिक आयुष्य बदलणार आहे, तो त्याला अंधारात ठेवून कसा ठरवणार? आणि मुलांसमोर, सुनेसमोर हा माणूस या विषयावर एक शब्द बोलणार नाही. म्हणून डॉक्टरांकडे गेलात की पाच-दहा मिनिटं सगळ्यांनी बाहेर थांबा. पेशंट आणि हवी असेल तर पत्नी, एवढेच आत राहू द्या. सत्तरीतल्या माणसाला आता काय त्याचं, असं गृहीत धरू नका.

भेटीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. आमचा रिस्क ग्रुप कोणता? काहीच केलं नाही तर पुढच्या दहा वर्षांत काय होईल? तुमच्या वडिलांना हाच रिपोर्ट आला असता तर काय केलं असतंत? दुसऱ्या मतासाठी महिनाभर थांबलो तर चालेल का?

पैसा आणि जागा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत मिळून महाराष्ट्रातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. हॉस्पिटल ठरवण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटून तुमचा नेमका उपचार पॅकेजमध्ये बसतो का, ते विचारा. अॅडमिट झाल्यावर नव्हे, आधी. परळ आणि खारघरच्या टाटाशिवाय नागपूरचं राष्ट्रीय कर्करोग संस्थान आणि राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय ही ठिकाणं घराजवळ पडत असतील तर तिथेही चौकशी करा. लांबच्या नामांकित ठिकाणी अर्धवट सोडलेल्या उपचारापेक्षा जवळ पूर्ण केलेला उपचार केव्हाही चांगला.

उपचार झाल्यावरही पीएसए चालूच राहतो, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. ऑपरेशननंतर तो जवळजवळ शून्यावर यायला हवा. पुढे ०.२ किंवा वर गेला आणि पुन्हा केल्यावरही तसाच आला, तर डॉक्टरांकडे जायचं. किरणोपचारानंतर तो सावकाश उतरतो, मध्येच थोडा वर-खालीही होतो. गाठलेल्या सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा २ ने वाढला तर आजार परतल्याचं धरतात. तो खालचा आकडा आणि त्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.